गवारीची पावडर, मिनिटाला ८००० लिटर पाणी आणि गुठळ्यांचं गणित

परवा फॅमिली ग्रुपवर परत तो फॉरवर्ड फिरत आला, की अमेरिका आपल्या गवारीशिवाय जमिनीतून तेल काढूच शकत नाही आणि ही गोष्ट आपल्यापासून मुद्दाम लपवलेली आहे. खाली नेहमीप्रमाणे "अभिमान वाटत असेल तर पुढे पाठवा". आता गंमत अशी की यातलं अर्धं खरं आहे. लपवलेलं वगैरे काही नाही, २०१२ साली गवारीचे भाव इतके पेटले होते की मार्च महिन्यात नियामकाने वायदे बाजारातले गवारीचे सौदे बंद पाडले, तेव्हा सगळ्या पेपरांत आलं होतं. आणि "काढूच शकत नाही" हेही खरं नाही, त्यावर शेवटी येतो. पण ही गवार तिथे नेमकं काय करते आणि ती पाण्यात मिसळणं हेच केवढं मोठं झंगट आहे, हे कोणी लिहीत नाही, म्हणून हा लेख.

आधी थोडक्यात पार्श्वभूमी. तेल किंवा गॅस खडकाच्या बारीक छिद्रांत असतो, आणि काही खडक इतके घट्ट असतात की विहीर खोदली तरी तो तिच्याकडे वाहत येत नाही. मग प्रचंड दाबाने द्रव आत घालून खडकाला तडे पाडतात, यालाच फ्रॅकिंग म्हणतात. दाब काढला की तडा परत मिटणार, म्हणून द्रवासोबत वाळू पाठवायची, ती आत अडकून तडा उघडा धरून ठेवते. पहिला प्रयोग १९४७ साली कॅन्ससमधल्या ह्युगोटन गॅस फील्डमध्ये झाला आणि तेव्हा पाणी नव्हतं वापरलं, चक्क नेपामने घट्ट केलेलं पेट्रोल वापरलं होतं! १९४९ पासून ओक्लाहोमा आणि टेक्ससमध्ये हे काम धंदा म्हणून सुरू झालं, आणि पुढे पेट्रोलची जागा पाण्याने घेतली, जे बरंच झालं म्हणायचं.

पण साध्या पाण्यात वाळू टिकत नाही, खाली बसते. ती तड्याच्या टोकापर्यंत तरंगत न्यायची तर पाणी घट्ट हवं. इथे गवार येते. भाजीसाठी आपण कोवळ्या शेंगा तोडतो, डिंकासाठी मात्र शेंगा झाडावरच वाळू देतात, मग बियांची साल आणि मधला कोंब काढून टाकतात, उरलेल्या दोन पांढरट फोडी दळल्या की झाला गवार गम. जगातली बहुतेक गवार भारतात पिकते, त्यातही राजस्थानात, आणि जोधपूर हे या धंद्याचं मोठं केंद्र. हाच गम आइस्क्रीममध्येही असतो, पाकिटावर ई-४१२ लिहिलेलं असतं ते हेच.

रेणू म्हणाल तर साखरेची लांबलचक साखळी. मॅनोज साखरेचा कणा आणि साधारण दर दोन मॅनोजमागे एक गॅलॅक्टोज बाजूला लटकलेलं. या लटकणाऱ्या साखरांमुळे साखळ्या एकमेकींना घट्ट चिकटून बसू शकत नाहीत, मध्ये पाणी शिरतं, साखळी फुलते, आणि अशा फुललेल्या साखळ्या एकमेकींत गुंतल्या की पाणी घट्ट होतं. लिटरला फक्त ३ ग्रॅम पावडर टाकली तरी पाणी किती तरी पट घट्ट होतं.

३ ग्रॅम म्हणजे काय, चिमूटभर, त्यात मिसळायला काय कठीण? असं वाटतं खरं. पण फ्रॅकिंगच्या वेळी मिनिटाला ८००० लिटर पाणी विहिरीत चाललेलं असतं (शेल नावाच्या घट्ट खडकातल्या विहिरींत याच्या दुप्पटही जातं), म्हणजे मिनिटाला २४ किलो पावडर, न थांबता, तासन् तास, आणि मधे एकही गुठळी नको. ज्यांनी पिठलं केलंय त्यांना प्रॉब्लेम लगेच कळेल, उकळत्या पाण्यात बेसन एकदम ओतलं की काय होतं ते. बाहेरून शिजलेलं, आतून कोरडं पीठ.

तेलवाले या गुठळीला फिश आय म्हणतात, आणि हीच या लेखातली माझी आवडती गोष्ट आहे, त्यामुळे इथे जरा थांबतो. पावडरचा एक कण पाण्याला लागला की त्याचा बाहेरचा थर फुलून जेल होतो. आता आतल्या कोरड्या भागापर्यंत पोचायला पाण्याला त्या जेलमधून झिरपत जावं लागतं, म्हणजे डिफ्युजन, आणि डिफ्युजनचा नियम असा की लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. अंतर दुप्पट तर वेळ चौपट. एकटा सुटा कण समजा ०.०५ मिलिमीटरचा आहे आणि तो १ मिनिटात पूर्ण फुलतो. असेच कण एकमेकांना चिकटून १ मिलिमीटरची गुठळी झाली, तर आकार २० पट, म्हणून वेळ ४०० पट, म्हणजे जवळजवळ ७ तास! गुठळी काही फार मोठी नाही, मोहरीपेक्षाही लहान आहे, पण तोपर्यंत ती कधीच विहिरीत पोचलेली असते. तिथे नुकसान दोन बाजूंनी होतं. पावडरचे पैसे दिले पण ती फुललीच नाही, म्हणजे जेल ठरवल्यापेक्षा पातळ झालं. आणि वर ती चिकट गुठळी जाऊन वाळूच्या थरात नाहीतर खडकाच्या छिद्रात बसणार, म्हणजे जी वाट उघडायला एवढा खर्च केला तीच बुजवणार.

म्हणजे सगळं कौशल्य पहिल्या एखाद-दोन सेकंदांत आहे. प्रत्येक कण शेजाऱ्याला चिकटायच्या आत वेगळा भिजला पाहिजे. त्यासाठी पावडर पाण्याच्या जोरदार फवाऱ्यात किंवा फिरत्या भोवऱ्यात सोडतात, कारण या क्षणी पाणी अजून पातळ असतं आणि जोराचा उपयोग होतो. एकदा घट्ट झालं की कितीही घुसळा, गुठळी जेलसोबत नुसती फिरत राहते. पुढचं काम जोराचं नसून वेळेचं आहे, नीट सुटलेल्या कणालाही फुलायला काही मिनिटं लागतातच, आणि ती मिनिटं आणायची कुठून हा पुढचा प्रश्न.

जुन्या काळी सोपं होतं, आदल्या दिवशीच मोठमोठ्या टाक्यांत जेल करून ठेवायचे. एकेक टाकी ५०० बॅरलची, म्हणजे जवळपास ८०,००० लिटर. पण गवार म्हणजे शेवटी साखर, बॅक्टेरियाला मेजवानीच, उन्हात जेल नासून पातळ व्हायचं, आणि काही कारणाने काम रद्द झालं की सगळं फेकून द्या. म्हणून मग चालू कामातच जेल करायची पद्धत आली. सुरुवातीला पावडर डिझेलमध्ये कालवून आणायचे, कारण डिझेलमध्ये गवार फुलत नाही, कण आधीच सुटे राहतात आणि पाण्यात पडल्यावर एकेकटे भिजतात. आयडिया झकास, पण डिझेल जमिनीखाली घालणं कोणाला आवडणार, अमेरिकेने २००५च्या ऊर्जा कायद्यात फ्रॅकिंगला पिण्याच्या पाण्याच्या नियमांतून सूट दिली तेव्हाही डिझेलला त्यातून वगळलंच. मग मिनरल ऑइल आलं आणि शिवाय थेट कोरडी पावडर मिसळणारी युनिट्स.

या युनिटमध्ये पावडरला फुलायला वेळ मिळावा म्हणून एक हायड्रेशन टँक असतो. समजा ३२,००० लिटरचा. मिनिटाला ८००० लिटर जाणार असेल तर सरासरी ४ मिनिटं मिळतात. सरासरी म्हणालो, कारण टँक नुसता उघडा हौद असेल तर काही पाणी या तोंडातून आत येऊन १० सेकंदांत त्या तोंडातून बाहेर पडतं आणि काही कोपऱ्यात अर्धा तास घिरट्या घालतं. म्हणून आत आडव्यातिडव्या भिंती घालून कप्पे करतात, जे आधी आलं ते आधी बाहेर जावं म्हणून. आणि एक चलाखी आहे: सगळ्या पाण्यात पावडर न टाकता निम्म्या पाण्यातच दुप्पट घट्ट जेल करायचं आणि उरलेलं पाणी शेवटी मिसळायचं. टँक तोच, पण त्यातून जाणारा प्रवाह निम्मा, म्हणून वेळ दुप्पट. शिवाय थंडीचाही त्रास, गार पाण्यात गवार हळू फुलते, त्यामुळे नॉर्थ डकोटाच्या हिवाळ्यात आधी पाणी तापवावं लागतं.

आता पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कलाइन आहे त्याचा आकडा, आणि इथे जरा नीट लक्ष द्या. नुसतं जेल वाळू पेलायला पुरत नाही, म्हणून त्यात बोरेट, म्हणजे बोरॉनचा क्षार, टाकतात, बोरेटचा एक आयन दोन साखळ्यांना एकमेकींशी बांधतो, याला क्रॉसलिंक म्हणतात. घट्टपणा एकदम कित्येक पटींनी वाढतो, भांडं तिरकं केलं तर जेल काठावरून जिभेसारखं लोंबतं आणि परत आत ओढलं जातं. पण पाण्यात हा बोरेट दोन रूपांत असतो, बोरिक अॅसिड आणि बोरेट आयन. बोरिक अॅसिड बांधत नाही, बोरेट आयन बांधतो, आणि पीएच साधारण ९.२ असताना निम्मं निम्मं असतं, त्याखाली आयन झपाट्याने कमी होतो. म्हणजे बांधायला पाणी अल्कलाइन हवं. फुलायला मात्र गवारीला न्यूट्रल किंवा किंचित आंबट पाणी लागतं. म्हणून आधी आम्ल घालून फुलवायची, मग अल्कली घालून बांधायची, क्रम चुकला की संपलं. काही पावडरींवर तर कारखान्यातच बोरेटचा पातळ हात दिलेला असतो, अल्कलाइन पाण्यात तो कणाला फुलू देत नाही, कण निवांत सुटे होतात, मग आम्ल आलं की पकड सुटते आणि सगळे एकदम फुलतात. तोच बोरेट आधी पहारेकरी आणि नंतर दोरी. हे ज्याला सुचलं त्याला मनापासून सलाम. यामुळेच जुन्या विहिरीतून आलेलं पाणी परत वापरताना डोकेदुखी होते, त्यात आधीच बोरॉन विरघळलेलं असतं आणि ते न विचारता मधेच बांधायला लागतं.

तयार जेल मग ब्लेंडरमध्ये जातं, तिथे ऑगर नावाचे मोठे स्क्रू वाळू ओततात. लिटरला अर्धा किलो धरली तरी मिनिटाला ४ टन वाळू. ती सोबत हवा आणते आणि हवा शिरली की पंप पाणी उचलणं सोडतो, म्हणून भोवरा करून हवा मध्यातून वर काढून टाकतात. वाळू किती जातेय हे पाइपमधून गॅमा किरण आरपार सोडून मोजतात, कारण प्रमाण चुकलं तर वाळू तड्याच्या तोंडाशीच तुंबते आणि दाब उसळून काम बंद पडतं. शेवटी ब्रेकर, म्हणजे एन्झाइम किंवा परसल्फेट, साखळ्या तोडतो आणि जेल पातळ होऊन बाहेर येतं.

आपल्याकडेही हे चालतं, राजस्थानात बारमेरच्या रागेश्वरी गॅस फील्डमध्ये फ्रॅकिंग होतं, तेही गवारीच्याच मुलखात. मुंबई हायचा खडक चुनखडीचा, तिथे विहिरीवर उपचार करताना आम्लाचं काम जास्त. आणि महाराष्ट्रातल्या आटलेल्या बोअरवेलमध्ये नुसतं पाणी दाबाने सोडून भेगा मोकळ्या करतात ते जलभंजन याच तत्त्वावर चालतं, जेल नाही, वाळू नाही. तरी लोक त्याआधी तळहातावर नारळ धरून फिरणाऱ्या पाणाड्याला हजार रुपये देतात. पायाळू माणसाच्या पायाला खडकातली भेग कळत असती तर भूजलवाल्यांनी मशिनं घेतली असती कशाला?

आता त्या फॉरवर्डचं. १९९७-९८च्या सुमारास टेक्ससच्या बार्नेट शेलमध्ये मिचेल एनर्जी या कंपनीने जेल जवळपास सोडूनच दिलं आणि पाण्यात थोडंसं पॉलिअॅक्रिलमाइड, म्हणजे लांब साखळीचं एक कृत्रिम रसायन, घालून काम केलं. ते पाणी फारसं घट्ट करत नाही, पाइपमधलं घर्षण कमी करतं, वाळू मग वेगाच्या जोरावर जाते. शेलमध्ये आता बहुतेक काम असंच होतं, म्हणजे गवारीशिवाय. पण पॉलिअॅक्रिलमाइडची कोरडी पावडर वापरायची तर तिच्याही गुठळ्या होतात, आणि शिवाय तिची साखळी इतकी लांब की सुटी करायला जास्त जोर लावला तर ती तुटते, मग घर्षण कमी करायचा गुणच जातो. गवारीला चालणारा तो सुरुवातीचा दणका इथे जपून द्यावा लागतो, त्यामुळे तिच्यासाठीची मिक्सिंग युनिट्स वेगळा विचार करून बनवावी लागतात.