पेरूवरचा खोटा सुतार

पार्ल्यात आमच्या सोसायटीच्या मागे एक म्हातारा पेरू आहे. त्याच्या बेचक्यातून खोडावर उतरलेला नागमोडी तपकिरी पट्टा दिसला, तेव्हा वाटलं, वरून कुणी चहाचा चोथा फेकलाय. नखाने उचकटून पाहिलं तर सालीचा भुसा आणि विष्ठा, रेशमी धाग्यांनी विणून केलेली जाळी. माळीकाका म्हणाले, "साल खाणारी अळी," आणि तार आणायला गेले.

आंबा, पेरू, बोर, शेवगा, डाळिंब; बागायतदाराला ही अळी चांगलीच ठाऊक असते. तिच्यापासून होणारा पतंग मात्र क्वचितच कुणी पाहून ओळखतो. इंडारबेला क्वाड्रिनोटाटा हे त्याचं नाव. अंग फिकट तपकिरी, पंखांवर गडद ठिपके. पावसाळ्याच्या आगेमागे बाहेर पडतो आणि थोड्याच दिवसांत मरतो. वर्षातले बरेच महिने जगते ती अळीच.

दिवसा ती लाकडात कोरलेल्या बिळात दडून बसते. रात्री बाहेर येऊन जाळीच्या आडोशाने साल कुरतडते. म्हणजे लाकूड हे घर आणि साल हे जेवण. पानांत तयार झालेलं अन्न सालीच्या आतल्या थरातून खाली जातं. तो थरच कुरतडला की फांदी कमजोर होते, फळं रोडावतात.

वर्गीकरणाचा घोळही इथूनच सुरू होतो. कॉसिडी कुळातल्या पतंगांना इंग्रजीत 'सुतार' म्हणतात, कारण त्यांच्यातल्या अनेकांच्या अळ्या खोड आतून पोखरत वाढतात. युरोपातली एक तर त्यात तीन-चार वर्षं काढते. आपली अळीही लाकडात राहते, मग तीही सुतारच, असं कित्येकांना वाटलं. कीटकशास्त्रज्ञ हॅम्पसनने भारतातल्या पतंगांवरच्या १८९२ च्या ग्रंथात मात्र हे पतंग वेगळे काढून 'अर्बेलिडी' कुळात घातले. हे नाव आलं 'अर्बेला' या प्रजातीवरून (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट). पण 'अर्बेला' हे नाव ढेकणांच्या गणातल्या एका कीटकाने आधीच पटकावलेलं! प्राण्यांच्या नामकरणात एक नाव दोन प्रजातींना चालत नाही. म्हणून १९२२ मध्ये फ्लेचर या कीटकशास्त्रज्ञाने पुढे 'इंड' जोडून 'इंडारबेला' केलं. कुळाला आज 'मेटार्बेलिडी' म्हणतात, आणि ते नाव आलंय एका आफ्रिकी प्रजातीवरून. पार्ल्याच्या पतंगाचं आडनाव आफ्रिकेतलं, हे मला भारी आवडतं.

तरी वाद मिटलेला नाही. काही जण या गटाला सुतारांचंच उपकुळ मानतात. पतंग-फुलपाखरांच्या २०११ च्या जागतिक यादीत ते स्वतंत्र कुळ आहे, जेमतेम १९६ जातींचं. त्यात डीएनएच्या अभ्यासांतून असंही दिसू लागलंय की सुतारांचं कुळ स्वतःच एकसंध नाही. वेगवेगळ्या शाखांचे पतंग त्यात एकत्र कोंबले गेलेत. मग 'हा सुतार आहे का?' हा प्रश्नच डळमळतो. राहणीवरून नातं ठरवलं की असं होतं. माझं मत वेगळ्या कुळाच्या बाजूने.

माळीकाकांना यातलं काही सांगितलं नाही. त्यांनी जाळी खरवडली, तार बिळात सरकवली, रॉकेलचा बोळा कोंबून वर माती लिंपली. "वरच्या फांदीवर अजून एक आहे," म्हणाले. "शिडी लागेल."