पाळीव प्राण्यांची ओळख-चिप आणि तिच्या अडचणी : सोलापूरच्या संदर्भात

कुत्रा, मांजर अशा पाळीव प्राण्याच्या कातडीखाली जाड सुईने बसवलेली, तांदळाच्या दाण्याएवढी काचेची कुपी म्हणजे ओळख-चिप. दवाखान्यात तिला ‘मायक्रोचिप’ किंवा नुसते ‘चिप’ म्हणतात. तिच्यात १५ आकडी क्रमांक असतो आणि त्याखेरीज काहीही नसते. मालकाचे नाव नाही, फोन नाही, लसींची नोंद नाही. प्राणी आत्ता कुठे आहे हे सांगणारी सोय तर मुळीच नाही. ‘चिप बसवली की कुत्रं मोबाईलवर दिसतं’ हा समज सोलापुरातच नव्हे, सगळीकडे आहे. तो ज्याने आधी दूर केला नाही, त्याला पुढे चिपने फसवल्यासारखे वाटते.

सोलापूरकराची चिपशी गाठ बहुधा दोन वाटांनी पडते. एक म्हणजे पुण्याहून किंवा हैदराबादहून ‘पेपर असलेले’, म्हणजे वंशावळीचे कागद असलेले पिल्लू आणले जाते आणि त्या पेपरांवर बारकोडचा स्टिकर चिकटवलेला असतो. दुसरी वाट म्हणजे घरातले कोणी नोकरीसाठी परदेशी निघते आणि कुत्रा सोबत न्यायचा ठरतो. गावरान कुत्रे, धनगरवाड्यावरची राखणीची कुत्री, रानात सुसाट धावणारे कारवान-पश्मी जातींचे शिकारी कुत्रे यांच्या वाट्याला चिप क्वचितच येते.

रचना

नेहमीची चिप सुमारे १२ मिमी लांब आणि २ मिमी जाड असते. लहान प्राण्यांसाठी ८ मिमी लांबीची बारीक चिपही मिळते. शरीराला चालणाऱ्या काचेच्या आत लोहयुक्त गाभ्यावर गुंडाळलेले तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे आणि एक सूक्ष्म मंडल असते. बॅटरी नसते. स्कॅनर जवळ धरला की त्याच्या विद्युतचुंबकीय क्षेत्रामुळे वेटोळ्यात किंचित वीज निर्माण होते आणि तेवढ्या बळावर चिप आपला क्रमांक परत धाडते. एरवी ती निपचित असते, म्हणून झिजण्यासारखे तिच्यात फारसे काही नाही. सोलापूरच्या उन्हाळ्याचाही तिला उपद्रव नाही, कारण ती कुत्र्याच्या ३८-३९ अंश तापमानाच्या शरीरात असते आणि बाहेर पारा ४३ वर गेला तरी तिला त्याचा पत्ता नसतो.

१९९६ साली ठरलेल्या ११७८४ आणि ११७८५ या आयएसओ (आंतरराष्ट्रीय मानक संघटना) मानकांनी क्रमांकाची बांधणी आणि १३४.२ किलोहर्ट्झ ही वारंवारता निश्चित केली. १५ पैकी पहिले ३ आकडे एक तर देशाचे (भारताचा ३५६) किंवा उत्पादकाचे असतात. उत्पादकांचे संकेत ९०० पासून पुढे येतात. त्यामुळे ९ ने सुरू होणारा क्रमांक वाचून कुत्रा कुठल्या देशाचा हे कळत नाही, फक्त चिप कोणी बनवली एवढेच कळते.

नोंदवहीची अडचण

चिपचा दोष म्हणून जे सांगितले जाते, त्यातले बरेचसे चिपच्या बाहेर घडलेले असते. क्रमांक वाचता येतो, पण तो कोणाचा हे सापडत नाही. अमेरिकेतील ५३ निवाऱ्यांत आलेल्या ७,७०४ चिपधारी प्राण्यांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात चिप असलेल्या भरकटलेल्या कुत्र्यांपैकी ५२.२ टक्के घरी परतले, तर एकूण भरकटलेल्या कुत्र्यांत हे प्रमाण २१.९ टक्के होते. मांजरांत फरक आणखी मोठा होता : ३८.५ विरुद्ध १.८ टक्के. म्हणजे चिप उपयोगी पडते यात वाद नाही. मात्र जिथे मालक सापडले नाहीत तिथे कारणे शोधली, तेव्हा चुकीचा किंवा बंद पडलेला फोन क्रमांक सगळ्यांत पुढे होता. चिपची नोंदच केलेली नसणे, किंवा नोंद भलत्याच यादीत असणे, हीही कारणे निघाली.

हे अमेरिकेचे झाले. आपल्याकडे पाळीव कुत्र्या-मांजरांची अशी एकच देशव्यापी नोंदवही नाही, जिथे कोणताही क्रमांक टाकला की मालक समोर येईल. केनेल क्लब ऑफ इंडिया वंशावळीच्या नोंदणीसाठी चिप मागते आणि ती नोंद क्लबकडे राहते. चिप विकणाऱ्यांच्या आपापल्या याद्या असतात. काही शहरांच्या महापालिका परवान्यासोबत चिपची नोंद घेऊ लागल्या आहेत, पण ती नोंद त्या शहरापुरती. युरोपात वेगवेगळ्या देशांच्या नोंदवह्या युरोपेटनेट या जाळ्याने जोडल्या आहेत, त्यामुळे एका ठिकाणी विचारले की कोणत्या वहीकडे जायचे ते तरी समजते. इथे क्रमांक हाती आल्यावर एकेक दार ठोठावत जावे लागते.

जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेचे उदाहरण घ्या. होम मैदानावर शोभेचे दारूकाम सुरू झाले की आसपासच्या घरांतली कुत्री पलंगाखाली शिरतात, आणि दार उघडे राहिले तर एखादे पट्टा तोडून सुटते. दुसऱ्या दिवशी ते कोणाला सापडले, तर चिपचा फायदा होण्यासाठी चार गोष्टी ओळीने जुळाव्या लागतात. सापडणाऱ्याला चिप हा प्रकार ठाऊक हवा, दवाखान्यात चालू स्कॅनर हवा, क्रमांक ज्या वहीत आहे ती वही सापडायला हवी, आणि वहीतला फोन आजही लागायला हवा. त्यापेक्षा पट्ट्यावर ठसठशीत लिहिलेला मोबाईल क्रमांक पानटपरीवरचा माणूसही वाचतो. तो पट्टा तुटतो आणि चिप तुटत नाही, हेही खरेच, म्हणून जाणते पशुवैद्य दोन्ही ठेवायला सांगतात.

फोनशिवाय आणखी एक गुंता मालकीचा आहे. कुत्र्यांची पैदास व विक्री यांसंबंधी केंद्राने २०१७ साली केलेल्या नियमांनुसार ब्रीडरने आपल्या कुत्र्यांना चिप बसवून नोंद ठेवायची असते. ती नोंद अर्थातच ब्रीडरच्या दप्तरी असते. पिल्लू विकले, ते पुण्याहून सोलापुरात आले, दोन वर्षांनी मालकाने भावाला देऊन टाकले, तरी चिपपुढचे नाव पहिलेच राहू शकते. नाव बदलून घ्यायचे असते हेच घेणाऱ्याला कोणी सांगत नाही. मग कुत्रा कोणाचा यावरून भांडण झाले, तर चिप ही मालकीची पावती ठरत नाही. ती ‘हे तेच कुत्रे’ एवढेच सांगते, आणि मालकी दाखवायला खरेदीची पावती, लसीकरणाचे पुस्तक, परवाना असे कागद लागतात.

या बाबतीत गोठ्यातली व्यवस्था पुढे आहे असे म्हणावे लागते. पंढरपुरी म्हशीच्या किंवा खिलार बैलाच्या कानातला पिवळा बिल्ला दिसायला ओबडधोबड असतो, पण त्यावरचा १२ आकडी क्रमांक नुसत्या डोळ्यांनी वाचता येतो आणि ‘भारत पशुधन’ या एकाच सरकारी प्रणालीत त्याची नोंद असते. बिल्ला गळतो, कधी कान फाटतो, हे त्याचे दोष आहेतच. तरीही कार्तिकीच्या बाजारात उभ्या असलेल्या म्हशीची ओळख हजारो रुपये मोजून आणलेल्या लॅब्राडॉरपेक्षा सोपी आहे.

स्कॅनर आणि वाचन

चिप असूनही ‘नाही’ असे उत्तर मिळण्याचे पहिले कारण घाई. स्कॅनर अंगापासून फार दूर धरला, झपकन फिरवला, किंवा फक्त खांद्यांच्या मधोमध टेकवून काढून घेतला, तर चिप हुकते. वेटोळे स्कॅनरच्या कोणत्या दिशेला आहे यावरही वाचन अवलंबून असते. म्हणून मानेपासून पाठीपर्यंत, मग दोन्ही खांद्यांवरून कोपरापर्यंत, नागमोडी आणि सावकाश फिरवायचा, आणि दुसऱ्या दिशेने पुन्हा एकदा. धातूची साखळी किंवा जाड बकलाचा पट्टा आधी काढावा लागतो. उतरलेली बॅटरी हे तर अगदी साधे कारण. क्वचितच वापरला जाणारा स्कॅनर खणात पडून असेल, तर हटकून हेच होते.

दुसरे कारण वारंवारतेचे. अमेरिकेत १२५, १२८ आणि १३४.२ किलोहर्ट्झच्या चिपा बरीच वर्षे शेजारी-शेजारी विकल्या गेल्या आणि प्रत्येक स्कॅनर सगळ्या वाचत नव्हता. २००४ साली व्हर्जिनियात आयएसओ चिप असलेल्या एका कुत्र्याची चिप निवाऱ्याच्या स्कॅनरला दिसली नाही आणि त्याला दयामरण दिले गेले. त्यानंतर सर्व प्रकार वाचणाऱ्या स्कॅनरची मागणी तिथे जोर धरू लागली. भारतात प्रामुख्याने आयएसओ चिपाच येत असल्याने हा प्रश्न बाहेरून आणलेल्या जुन्या कुत्र्यापुरता उरतो.

शरीरातील अडचणी

सर्वांत जास्त नोंदलेली अडचण म्हणजे चिपचे सरकणे. कुत्र्या-मांजरांत ती दोन खांद्यांच्या मध्ये बसवतात (युरोपातील काही देशांत मानेच्या डाव्या बाजूस). कातडीखालच्या सैल थरात ती घसरत खांद्याकडे, कोपराकडे, कधी छातीच्या खालच्या बाजूपर्यंत जाते. याने प्राण्याला सहसा काही होत नाही. वाचणारा मात्र चुकीच्या जागी शोधत राहतो. सरकू नये म्हणून काही चिपांवर विशेष आवरण असते, पण ते खात्रीचे नाही.

काही वेळा चिप पहिल्या काही दिवसांतच सुईच्या भोकातून बाहेर पडते. पिल्लू खाजवते, आई चाटते, आणि काचेचा दाणा अंथरुणात हरवतो. पुढच्या लसीच्या वेळी डॉक्टरांना एकदा चिप वाचायला लावणे यासाठीच. बसवण्याआधीही वाचायला हवे, कारण पिल्लाला आधीची एखादी चिप असू शकते. दोन चिपा असल्या तर अपाय नाही, फक्त दोन्ही क्रमांक कागदावर हवेत.

जागेवर सूज, गळू किंवा संसर्ग क्वचित होतो. चुकीच्या हाताने फार खोल टोचल्यास चिप पाठीच्या कण्याच्या नलिकेत गेल्याची प्रकरणे लहान जातींच्या कुत्र्यांत आणि मांजरांत नोंदली गेली आहेत, आणि मागचे पाय लुळे पडण्यापर्यंत त्यांची मजल गेली आहे. चिप बसवणे हे पशुवैद्याचे काम आहे. विकणाऱ्याने घरी उरकायचे नाही.

कर्करोगाची भीती २००७ च्या सुमारास फार चर्चेत आली. प्रयोगशाळेतल्या उंदरांत चिपभोवती गाठी आढळल्या होत्या, मात्र त्यातल्या बऱ्याच जाती अशा गाठींना मुळातच बळी पडणाऱ्या होत्या. कुत्र्यांत आणि मांजरांत मोजकी प्रकरणे आहेत. ब्रिटनमध्ये लहान प्राण्यांच्या पशुवैद्यकांच्या संघटनेने १९९६ ते २००९ या काळात तक्रारी गोळा केल्या. त्या काळात तिथे लाखो प्राण्यांना चिप बसली, तक्रारी आल्या ३९१ आणि त्यांत गाठीच्या दोन. यावरून कोणी चिप नाकारत असेल तर ते पटण्यासारखे नाही, पण जागेवर वाढत जाणारी गाठ दिसली तर ‘चिपच असेल’ म्हणून सोडून देणेही चूक.

मानेचा एमआरआय काढायचा झाल्यास चिपमुळे प्रतिमेत काळा डाग येतो, हा आणखी एक छोटा उपद्रव.

क्रमांक आणि स्टिकर

चिपसोबत बारकोडचे काही स्टिकर येतात, ते लसीच्या पुस्तकावर आणि पेपरांवर लावले जातात. स्टिकर म्हणजे चिप नव्हे, आणि व्यवहारात घोळ इथेच होतो. पिल्लू घेताना स्कॅनरवर दिसणारा क्रमांक आणि स्टिकरवरचा क्रमांक अंकागणिक जुळवून बघायला दोन मिनिटे लागतात. पैसे दिल्यावर ते बघायला लागलेला माणूस आधीच हरलेला असतो. शिवाय साध्या ओळख-चिपमध्ये पासवर्डसारखे संरक्षण नसते. पुन्हा लिहिता येणाऱ्या कोऱ्या चिपांवर एखादा क्रमांक उतरवता येतो, त्यामुळे क्रमांक जगात एकमेव असेल हा भरवसा उत्पादकाच्या प्रामाणिकपणावर टेकलेला आहे.

परदेशप्रवास

चिपची चूक सर्वांत महाग पडते ती इथे. युरोपीय संघात कुत्रा न्यायचा तर चिप रेबीजच्या लसीआधी किंवा त्याच दिवशी बसलेली असावी लागते. लस आधी आणि चिप नंतर असा क्रम झाला, तर ती लस धरलीच जात नाही. भारतातून जाताना लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ताची प्रतिपिंड चाचणी (लस लागू पडली का हे पाहणारी) करावी लागते आणि नमुना घेतल्यापासून तीन महिने थांबावे लागते. क्रम चुकल्याचे तिकिटे काढल्यावर लक्षात आले, तर सगळे पहिल्यापासून. अमेरिकेनेही १ ऑगस्ट २०२४ पासून येणाऱ्या कुत्र्यांना आयएसओ स्कॅनरने वाचता येणारी चिप बंधनकारक केली आहे. सोलापूरहून मुंबईच्या प्राणी विलगीकरण व प्रमाणन केंद्राकडे कागद घेऊन जाण्याआधी प्रत्येक दाखल्यावरचे १५ आकडे पुन्हा मोजलेले बरे. हाताने लिहिलेल्या प्रमाणपत्रात १ चा ७ होतो आणि साडेचारशे किलोमीटरचा हेलपाटा पडतो.

भटकी कुत्री

नसबंदी झालेल्या भटक्या कुत्र्याची खूण म्हणजे कानाला पाडलेली खाच. ती स्कॅनरविना, रस्त्याच्या पलीकडूनही दिसते, पण हे कुत्रे कोणते, त्याला लस कधी दिली, हे त्यावरून कळत नाही. म्हणून बंगळूरुसारख्या शहरांनी भटक्या कुत्र्यांनाही चिप बसवण्याचे प्रयोग केले. वाचायची तर मात्र कुत्र्याला आधी धरून त्याच्या मानेजवळ हात न्यावा लागतो.