ट्रूक्रिप्ट

ट्रूक्रिप्ट : वैयक्तिक संगणकावरील खाजगी फाइली, डिस्कचा एखादा विभाग किंवा संपूर्ण डिस्क पासवर्डच्या आधारे कूटबद्ध करणारे, विनामूल्य वितरित झालेले सॉफ्टवेअर. त्याची पहिली आवृत्ती २ फेब्रुवारी २००४ रोजी प्रसिद्ध झाली, ७.१ए ही अखेरची पूर्ण आवृत्ती ७ फेब्रुवारी २०१२ रोजी आली आणि २८ मे २०१४ रोजी कर्त्यांनी काम थांबवल्याचे जाहीर केले. संगणक सुरू करताना विचारला जाणारा पासवर्ड फक्त प्रवेश अडवतो. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली, की तिच्यावरील फाइली वाचता येतात. ट्रूक्रिप्टमध्ये डिस्कवर लिहिली जाणारी माहितीच कूटरूपात असते व ती वापरापुरती मेमरीत उलगडली जाते. वापरणाऱ्याला एक मोठी फाइल, म्हणजेच ‘साठा’, दिसते. पासवर्ड दिल्यावर तीच फाइल इतर ड्राइव्हप्रमाणे उघडते.

उगम : ट्रूक्रिप्टचा पाया ई४एम या कूटबद्धीकरणाच्या जुन्या सॉफ्टवेअरचा आहे, याबद्दल मतभेद नाहीत. ई४एम हे बुलावायो (आताचे झिंबाब्वे) येथे जन्मलेले प्रोग्रामर पॉल ल रू यांनी साधारणपणे १९९७-९८ च्या सुमारास तयार केले आणि त्याचा स्रोत-कोड सर्वांना पाहण्यासाठी खुला केला. वाद आहे तो या कोडच्या मालकीचा. ल रू यांनी पुढे सिक्युरस्टार या जर्मन कंपनीच्या ड्राइव्हक्रिप्ट या उत्पादनावर काम केले. ट्रूक्रिप्टची पहिली आवृत्ती येताच या कंपनीने असा दावा केला, की ई४एमचा कोड कंपनीचा असून तो इतरांना वापरू देण्याचा परवाना देण्याचा अधिकार ल रू यांना नव्हता. ट्रूक्रिप्टच्या कर्त्यांनी वितरण काही काळ थांबवले. जून २००४ मध्ये २.० ही आवृत्ती जीपीएल या मुक्तस्रोत परवान्याखाली आली, पण त्याच महिन्यात आलेल्या २.१ आवृत्तीत पुन्हा ई४एमचाच मूळ परवाना स्वीकारण्यात आला. कर्ते परवान्याच्या प्रश्नावर किती सावध होते, हे या उलटसुलट बदलांवरून दिसते. ई४एमच्या आरंभीच्या आवृत्त्यांचा काळ लक्षात घेता कंपनीचा दावा निदान त्या आवृत्त्यांपुरता कालक्रमाशी सहज जुळत नाही. उत्तरकालीन आवृत्त्यांबाबत मात्र इतक्या खात्रीने बोलता येत नाही.

ल रू हेच ट्रूक्रिप्टचे छुपे कर्ते असावेत, असा तर्क वेळोवेळी मांडला गेला. पुढे ते आंतरराष्ट्रीय गुन्हेगारी जाळ्याचे सूत्रधार म्हणून उघडकीस आले, सप्टेंबर २०१२ मध्ये लायबेरियात पकडले गेले आणि जून २०२० मध्ये अमेरिकेतील न्यायालयाने त्यांना २५ वर्षांची शिक्षा सुनावली. या पार्श्वभूमीमुळे तर्काला साहजिकच रंग चढला. ल रू यांनी स्वतः ई४एम आपले असल्याचे मान्य केले, मात्र ट्रूक्रिप्टचे कर्तृत्व नाकारले. ते पकडले गेल्यानंतरही ट्रूक्रिप्टचे संकेतस्थळ दीड वर्षाहून अधिक काळ चालू होते, ही गोष्टही तर्काच्या विरोधात जाते. कर्त्यांनी स्वतःची ओळख ‘ट्रूक्रिप्ट फाउंडेशन’ एवढीच ठेवली. मालकीच्या कागदपत्रांचे धागे चेक प्रजासत्ताक आणि अमेरिकेतील नेवाडा राज्य येथे सापडतात, पण त्यांवरून कर्त्यांची संख्याही निश्चित करता येत नाही.

परवान्याची संदिग्धता अखेरपर्यंत राहिली. स्रोत-कोड सर्वांना वाचण्यास उपलब्ध असला, तरी ट्रूक्रिप्टचा स्वतंत्र परवाना मुक्तस्रोताच्या मान्य निकषांत बसत नसल्यामुळे डेबियन व फेडोरा यांसारख्या लिनक्स वितरणांनी ते आपल्यात समाविष्ट केले नाही. त्यामुळे त्याला सरसकट मुक्तस्रोत म्हणणे काटेकोर ठरत नाही, जरी बोलण्यात तसे म्हटले जात असे.

कार्यपद्धती : कूटशास्त्रज्ञ ऑग्यूस्त केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्ये मांडलेल्या तत्त्वानुसार कूटपद्धती शत्रूच्या हाती पडली तरी चालावे, गुप्त राहायची ती केवळ किल्ली. अक्षरांची अदलाबदल करणाऱ्या जुन्या पद्धतींना हे तत्त्व लागू पडत नसे. महानुभाव पंथीयांच्या सकळ लिपीत, जिचे कर्तृत्व परंपरेने चौदाव्या शतकातील रवळोबासांकडे दिले जाते, एका अक्षराच्या जागी ठरलेले दुसरे अक्षर येई, वि. का. राजवाडे यांनी तिची उकल करताच त्या लिपीतील पोथ्यांचा मजकूर अभ्यासकांना खुला झाला, कारण पद्धत हीच किल्ली होती. ट्रूक्रिप्टमध्ये पद्धत पूर्णपणे जाहीर आहे.

कूटबद्धीकरणासाठी एईएस, सर्पंट व टूफिश यांपैकी एक, किंवा त्यांतील दोन अथवा तिन्ही एकापाठोपाठ वापरता येतात. तिघांची किल्ली २५६ बिटांची असते. एईएस हे योआन डेमेन व व्हिन्सेंट रायमेन या बेल्जियन संशोधकांच्या रचनेवर आधारलेले असून अमेरिकेने ते नोव्हेंबर २००१ मध्ये मानक म्हणून प्रसिद्ध केले; सर्पंट व टूफिश हे त्याच निवड-स्पर्धेतील अंतिम फेरीत पोहोचलेले प्रतिस्पर्धी होत. डिस्कवरील प्रत्येक तुकडा त्याच्या जागेशी बांधून कूटबद्ध करण्याची पद्धतही काळानुसार बदलत गेली : आरंभी सीबीसी, २००५ मधील ४.१ आवृत्तीपासून एलआरडब्ल्यू आणि फेब्रुवारी २००८ मधील ५.० पासून एक्सटीएस. या ५.० आवृत्तीतच विंडोज ज्या विभागात बसवलेले असते तो विभागही कूटबद्ध करण्याची सोय झाली.

पासवर्डने फाइली थेट कूटबद्ध होतात, असा समज सर्रास आढळतो. वस्तुतः फाइली यादृच्छिकपणे तयार केलेल्या एका मुख्य किल्लीने कूटबद्ध होतात आणि ही मुख्य किल्ली साठ्याच्या आरंभीच्या ५१२ बाइटांच्या शीर्षभागात ठेवली जाते. शीर्षभागाचे पहिले ६४ बाइट म्हणजे ‘सॉल्ट’, म्हणजे उघड ठेवलेली यादृच्छिक भर. तेवढेच कूटबद्ध नसतात. वापरकर्त्याचा पासवर्ड व सॉल्ट पीबीकेडीएफ२ या प्रक्रियेतून हजार किंवा दोन हजार वेळा घुसळून शीर्षभागाची किल्ली मिळते. कोणती कूटपद्धती वापरली आहे याची नोंद शीर्षभागात कोठेही उघड नसते. सॉफ्टवेअर सर्व संभाव्य जोड्या एकेक करून पाहते आणि उलगडलेल्या मजकुराच्या आरंभी रोमन लिपीतील ‘ट्रू’ (TRUE) ही चार अक्षरे आली व तपासणी-बेरजा जुळल्या, तर पासवर्ड बरोबर मानते. यामुळे दोन परिणाम होतात. पासवर्ड बदलल्यावर फक्त शीर्षभाग नव्याने लिहिला जातो, मुख्य किल्ली तीच राहते. म्हणून जुन्या शीर्षभागाची प्रत व जुना पासवर्ड ज्याच्याजवळ आहे त्याला साठा पूर्वीसारखाच उघडता येतो. दुसरे म्हणजे शीर्षभाग बिघडला, तर पासवर्ड अचूक आठवत असूनही फाइली परत मिळत नाहीत. यावर उपाय म्हणून पुढील आवृत्त्यांत साठ्याच्या शेवटी शीर्षभागाची राखीव प्रत ठेवण्यात येऊ लागली.

पासवर्डची लांबी ६४ अक्षरांपर्यंत असू शकते व २० पेक्षा जास्त अक्षरांची शिफारस कर्त्यांनी केली होती. ही शिफारस अतिरेकी वाटेल. पण भारतात सर्वांच्या परिचयाच्या ई-आधारच्या पीडीएफचे उदाहरण घेतले तर तिचे कारण समजते. त्या फाइलचा पासवर्ड म्हणजे नावातील पहिली चार रोमन अक्षरे व जन्मवर्ष. धारकाबद्दल काहीही माहिती नसली आणि शंभर वर्षांची शक्यता धरली, तरी असे पासवर्ड सुमारे ४.५७ कोटी होतात. सेकंदाला १,००० पासवर्ड तपासणारा साधा संगणक ते १३ तासांच्या आत संपवतो. नाव माहीत असेल, तर शंभर प्रयत्न पुरतात. एवढा पासवर्ड फाइल चुकून दुसऱ्याच्या हाती गेली तरच उपयोगी, जाणूनबुजून उघडू पाहणाऱ्यापुढे नव्हे.

गुप्त साठा : ट्रूक्रिप्टचे सर्वांत चर्चिले गेलेले वैशिष्ट्य म्हणजे साठ्याच्या आतील साठा. साठा तयार होताना त्यातील रिकामी जागा यादृच्छिक माहितीने भरली जाते आणि त्या जागेत दुसऱ्या पासवर्डने उघडणारा वेगळा साठा ठेवता येतो. जबरदस्ती झाल्यास पहिला पासवर्ड सांगावा, दुसऱ्याचे अस्तित्वच सिद्ध होणार नाही, अशी कल्पना. या कल्पनेचा आरंभ काहींच्या मते १९९७ च्या रबरहोज या प्रकल्पात, तर काहींच्या मते १९९८ मध्ये अँडरसन, नीडहॅम व शमीर यांनी मांडलेल्या फाइल-व्यवस्थेत आहे. दोन्ही इतके जवळचे आहेत, की प्राधान्याचा वाद फारसा फलदायी नाही. प्रत्यक्षातील मर्यादा अधिक महत्त्वाची आहे. २००८ मध्ये ब्रूस श्नायर व इतर संशोधकांनी दाखवले, की विंडोज व्हिस्टा, वर्डमधील आपोआप होणारे जतन आणि शोधासाठी सूची बनवणारी सॉफ्टवेअरे गुप्त साठ्यातील फाइलींच्या खुणा बाहेर सोडतात. त्याच वर्षी प्रिन्स्टन विद्यापीठातील गटाने संगणक बंद केल्यावरही मेमरीत काही क्षण किल्ली टिकून राहते व ती वाचता येते, हे सिद्ध केले. हा दोष एकट्या ट्रूक्रिप्टचा नव्हता.

भारतात माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६९ खाली, २००८ च्या दुरुस्तीनंतर, अधिकृत यंत्रणेला माहिती उलगडून देण्याचा आदेश काढता येतो व सहकार्य नाकारल्यास सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. आरोपीला पासवर्ड सांगण्याची सक्ती स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती मना करणाऱ्या राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) शी सुसंगत आहे काय, हा प्रश्न वेगळा व वादग्रस्त आहे.

ब्राझीलमधील प्रकरण : जुलै २००८ मध्ये ब्राझीलच्या पोलिसांनी बँकव्यावसायिक डॅनियल डांटास यांच्या घरातून कूटबद्ध हार्ड डिस्का जप्त केल्या. या कारवाईचे नाव होते ‘सत्याग्रह’, आणि ते गांधीजींच्या शब्दावरूनच घेतले होते. ब्राझीलच्या न्यायवैज्ञानिक संस्थेने पाच महिने व नंतर अमेरिकेच्या एफबीआयने सुमारे वर्षभर शब्दकोशातील शब्द लावून पाहिले. २०१० मध्ये डिस्का न उघडताच परत आल्या. वापरलेल्या दोन सॉफ्टवेअरांपैकी एक ट्रूक्रिप्ट होते. सॉफ्टवेअरच्या ताकदीचा पुरावा म्हणून हे उदाहरण नेहमी दिले जाते. वास्तविक ते चांगल्या पासवर्डच्या ताकदीचे आहे.

तपासणी व अखेर : वितरित होणारी तयार प्रत खरोखर जाहीर कोडपासूनच बनली आहे काय, ही शंका बराच काळ होती. २०१३ मध्ये मॉन्ट्रियलच्या कंकॉर्डिया विद्यापीठातील एका संशोधकाने ७.१ए चा कोड संकलित करून विंडोजची प्रत जुळते, असे दाखवले. त्याच वर्षी मॅथ्यू ग्रीन व केनेथ व्हाइट यांनी लोकवर्गणीतून स्वतंत्र तपासणी सुरू केली. तिचा पहिला अहवाल एप्रिल २०१४ मध्ये आला. मागील दार, म्हणजे पासवर्डशिवाय आत शिरण्याची छुपी वाट, ठेवल्याचा पुरावा त्यात नव्हता. यानंतर सुमारे सहा आठवड्यांनी संकेतस्थळावर ट्रूक्रिप्ट सुरक्षित नसल्याची सूचना झळकली, विंडोज एक्सपीचा आधार संपल्याचे कारण दिले गेले, मायक्रोसॉफ्टचे बिटलॉकर हे डिस्क कूटबद्ध करणारे सॉफ्टवेअर वापरण्याचा सल्ला देण्यात आला आणि फक्त उलगडण्याचेच काम करणारी ७.२ ही आवृत्ती ठेवली गेली. या सूचनेतील शब्दांच्या आद्याक्षरांत अमेरिकी गुप्तचर संस्थेचे नाव दडले आहे, असेही काहींनी सुचवले. त्याला आधार नाही. कर्त्यांचा उत्साह संपला, हे साधे स्पष्टीकरण अधिक संभवनीय वाटते. एप्रिल २०१५ मधील दुसऱ्या अहवालातही हेतुपुरस्सर मागील दार आढळले नाही, पण विंडोजवर यादृच्छिक संख्या मिळवण्याच्या भागात त्रुटी दाखवण्यात आली. सप्टेंबर २०१५ मध्ये जेम्स फोरशॉ यांनी ड्रायव्हरमधील (विंडोजशी जोडणाऱ्या भागातील) दोन गंभीर दोष उघड केले; त्यांमुळे कूटबद्धीकरण फुटत नव्हते, पण संगणकावर जादा अधिकार मिळवता येत होते. ट्रूक्रिप्टचा विकास थांबलेला असल्याने ते त्यात कधीच दुरुस्त झाले नाहीत.

जून २०१३ मध्ये मुनीर इद्रासी यांनी ट्रूक्रिप्टच्या कोडवरून सुरू केलेल्या व्हेराक्रिप्टमध्ये हे दोष लगेच दुरुस्त करण्यात आले. मुख्य फरक घुसळण्याच्या संख्येत आहे : ट्रूक्रिप्टमधील १,००० किंवा २,००० ऐवजी सर्वसाधारण साठ्यासाठी ५,००,०००. व्हेराक्रिप्टच्या काही आवृत्त्या ट्रूक्रिप्टचे साठे उघडू शकत. २०२३ मधील १.२६ पासून ती सोय काढून टाकण्यात आली. ज्यांच्याजवळ अजून जुने साठे आहेत त्यांना ते १.२५.९ या आवृत्तीत उघडून त्यांतील फाइली नव्या साठ्यात हलवाव्या लागतात.