साचायला जागा नको

इंजेक्शनसाठी वापरायच्या 100 मिलिलिटर पाण्यात जिवाणूंच्या 10 पेक्षा जास्त वसाहती चालत नाहीत. छत्रपती संभाजीनगरभोवतीच्या वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथल्या औषध कारखान्यांत येणारं पाणी मूळचं नाथसागराचं. ते गाळून, क्षार काढून, ऊर्ध्वपातन करून शुद्ध करणारी यंत्रं पैसे टाकले की मिळतात. पुढे टाकीपासून बाटल्या भरणाऱ्या मशीनपर्यंत पाईपमधून जाताना ते शुद्ध राहणं, हे खरं अवघड काम. आणि ते सफाई करणाऱ्यापेक्षा ड्रॉइंग काढणाऱ्याच्या हातात जास्त असतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पाणी थबकलं की जिवाणू पाईपच्या भिंतीला चिकटतात आणि स्वतःभोवती बुळबुळीत थर तयार करतात. हा बायोफिल्म. ठिबकच्या नळीचं टोक उघडल्यावर पहिल्यांदा जो गिळगिळीत गाळ बाहेर पडतो, त्यातही हाच प्रकार असतो. शेतात टोक उघडून नळी धुता येते. औषधाच्या लाइनमध्ये एवढ्यावर भागत नाही. उष्णतेनं जिवाणू मेले तरी काहींच्या पेशीभित्तिकेचे तुकडे, म्हणजे एंडोटॉक्सिन, पाण्यात उरतात. ते रक्तात गेले तर रुग्णाला थंडी वाजून ताप येतो. पाणी उकळून ते जात नाहीत. काचेच्या बाटल्यांवरून ते घालवायला सुमारे 250 अंशांची कोरडी उष्णता लागते.

म्हणून पाणी थांबूच द्यायचं नाही. 70-80 अंशांचं पाणी लूपमध्ये, म्हणजे टाकीतून निघून परत टाकीत येणाऱ्या पाईपमध्ये, रात्रंदिवस फिरत ठेवतात. मुख्य पाईपला काढलेल्या फाट्यात मात्र, व्हॉल्व्ह बंद असला की, पाणी उभंच राहतं आणि थंड होत जातं. याला डेड लेग म्हणतात. 1976 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं प्रस्तावित केलेल्या नियमांत फाट्याची लांबी त्याच्या व्यासाच्या सहापटीपर्यंत चालवून घेतली होती. आज डिझायनर दोनपट धरतात: 25 मिलिमीटरच्या फाट्याला मुख्य पाईपच्या भिंतीपासून जेमतेम 50 मिलिमीटर. ‘पुढेमागे लागेल’ म्हणून टोपी लावून ठेवलेला फाटा तर मुळीच नको.

लाइन बंद केली की शेवटचा थेंबही निथळला पाहिजे. त्यासाठी मीटरला साधारण 10 मिलिमीटर ढाळ देतात. कागदावर हे सोपं दिसतं. 40 मीटरच्या धावेत मात्र पाईप 40 सेंटीमीटर खाली येतो आणि मध्ये एसीची डक्ट किंवा तुळई आडवी येते. मग फिटर एक वळण वर घेतो आणि तिथे कायमचा खळगा तयार होतो. त्यात स्टील तापल्यावर वाढतं: 25 वरून 80 अंशांवर गेल्यावर हाच पाईप सुमारे साडेतीन सेंटीमीटर लांब होतो. आधार दोन्ही टोकांना घट्ट आवळलेले असले तर पाईपला बाक येतो. थंड असताना पाणसळ लावून तपासलेला ढाळ गरम लाइनमध्ये उरत नाही. आडव्या पाईपचा व्यास बदलतानाही रिड्यूसर, म्हणजे मोठा आणि लहान पाईप जोडणारा निमुळता तुकडा, तळ सपाट राहील असाच घ्यावा. दोन्हीकडून सारखा निमुळता घेतला तर तळाशी उंबरठा होऊन पाणी अडतं. डायफ्रॅम व्हॉल्व्ह, म्हणजे लवचीक पडदा आतल्या बांधावर दाबून पाणी अडवणारा व्हॉल्व्ह, सरळ उभा बसवला की त्या बांधामागे पाणी राहतं, म्हणून तो ठरावीक कोनात तिरका बसवतात. कोनाची खूण बऱ्याचदा बॉडीवर कोरलेली असते, पण हँडल दिसायला सरळ हवं म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होतं.

आतला पृष्ठभागही गुळगुळीत हवा. खडबडीतपणा अर्ध्या मायक्रोमीटरच्या आसपास ठेवतात. जिवाणू साधारण एक-दोन मायक्रोमीटरचा. आट्यांचे जोड नकोतच, क्लॅम्प किंवा वेल्डिंग. वेल्डिंग करताना पाईपच्या आत आर्गन सोडतात. तो कमी पडला तर जोडाशेजारी निळसर-तपकिरी डाग उमटतो, आणि या पाईपच्या 316 एल जातीच्या स्टेनलेस स्टीलला गंजापासून वाचवणारा क्रोमियमचा पातळ थर तिथे कमकुवत होतो.

दूध आणि बिअरच्या कारखान्यांत निकष वेगळे असले तरी भूमिती हीच. तिथे कॉस्टिक सोड्याचं गरम द्रावण सेकंदाला दीड मीटरच्या आसपास वेगानं पळवून लाइन धुतात. डेड लेगमध्ये हा वेग पोचतच नाही.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आवर्जून सांगावी लागते. लाइन तयार झाली की गळती पाहायला पाणी भरून दाब देतात. हे पाणी बोअरचं किंवा टँकरचं असलं तर त्यात क्लोराइड बरंच असू शकतं. खळग्यात राहिलेलं पाणी उन्हाळ्यात आटतं, क्लोराइड दाट होतं आणि चांगल्या स्टीललाही टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं पडू लागतात. म्हणून चाचणी डीएम, म्हणजे क्षार काढलेल्या, पाण्यानं करावी आणि नंतर लाइन कोरड्या हवेनं वाळवावी. ही अट टेंडरमध्येच घातलेली बरी. मे महिन्यात साइटवर डीएम प्लांट सुरू झालेला नसतो, आणि टँकर मात्र गेटवर हजर असतो.