टायरला आकार रिम देते

मोटारसायकलचा मागचा टायर झिजला की दुकानात हमखास एक प्रश्न निघतो : 'एक साइज मोठा बसेल का?' उत्तर बहुतेक वेळा 'बसतो' असेच येते आणि त्या अर्थाने ते खोटेही नसते. टायर रिमवर चढतो, हवा भरल्यावर त्याच्या दोन्ही कडा आवाज करून जागेवर जातात आणि गाडी चालू लागते. पण टायर रिमवर चढणे आणि तो ज्या आकारात वापरण्यासाठी घडवला आहे त्या आकारात उभा राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा आकार टायर एकटा ठरवत नाही.

चाकणच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या पल्सर १५०मुळे महाराष्ट्रात ओळखीचे झालेले १००/९०-१७ हे माप पाहू. यातील १०० म्हणजे टायरची मिलिमीटरमधील नाममात्र रुंदी. ९० म्हणजे टायरची उंची रुंदीच्या किती टक्के आहे ते. आणि १७ म्हणजे रिमचा इंचांतील व्यास. दुकानात सगळी चर्चा या तीन आकड्यांवर होते. चौथा आकडा, म्हणजे रिमची रुंदी, टायरच्या या मापात नसतो. अलॉय चाकावर तो आऱ्यावर किंवा तुंब्याजवळ '१७ × एमटी २.५०' अशा स्वरूपात उठवलेला आढळतो, आणि त्यातील २.५० हे रिमचे इंचांतील माप असते. ते रिमच्या दोन्ही काठांच्या आतल्या बाजूंमधील अंतर असते. बाहेरून टेप लावल्यास काठांची जाडीही मोजली जाते आणि रिम आहे त्यापेक्षा रुंद वाटते. ही चूक फार सर्रास होते.

टायरवर छापलेली रुंदी ही विशिष्ट रुंदीच्या रिमवर चढवून मोजलेली रुंदी असते. प्रमाणके तयार करणाऱ्या संस्था, म्हणजे युरोपातील 'ईटीआरटीओ' आणि आपल्याकडील 'इंडियन टायर टेक्निकल अ‍ॅडव्हायजरी कमिटी', प्रत्येक मापासाठी एक मोजणीची रिम आणि तिच्या अलीकडे-पलीकडे चालणाऱ्या रिम ठरवून देतात. १००/९० टायरची मोजणीची रिम २.५० इंच असून त्याला साधारण २.१५ ते २.७५ इंच रुंदीची रिम चालते. रिमची रुंदी बदलली की टायरची रुंदीही बदलते. ढोबळ नियम असा, की रिममध्ये जितका फरक पडेल त्याच्या सुमारे ०.४ पट फरक टायरमध्ये पडतो. अर्धा इंच अरुंद रिम म्हणजे सुमारे ५ मिलिमीटर अरुंद टायर. आता समजा, एखाद्याने २.१५ इंचाच्या रिमवर १३०/७०-१७ टायर चढवला. या टायरची मोजणीची रिम ३.५० इंच आहे. तफावत १.३५ इंच, म्हणजे ३४ मिलिमीटर. वरच्या नियमाने त्या टायरची रुंदी सुमारे ११६ मिलिमीटरच भरेल. नियम इतक्या टोकाच्या जोडीसाठी केलेला नाही, त्यामुळे हा अंदाजच. पण पैसे १३०चे मोजले आणि रुंदी त्याहून बरीच कमी मिळाली, हे त्यातून नक्की कळते.

रुंदी कमी होणे हा त्यातला किरकोळ भाग आहे. खरे नुकसान आकाराचे होते, आणि ते समजण्यासाठी आकाशकंदिलाची कामटी आठवावी. कामटीची दोन टोके हातांत धरून जवळ आणली, की ती मधोमध उंच आणि टोकदार वाकते. टोके लांब नेली, की कमान बसकी होते. टायरचा आडवा छेद ही अशीच कमान आहे. तिची दोन टोके म्हणजे बीड, अर्थात पोलादी तारा घातलेल्या, न ताणल्या जाणाऱ्या कडा. आणि त्या कडांमधील अंतर ठरवते रिम.

मोटारीला या कमानीची फारशी फिकीर करावी लागत नाही, कारण तिचा टायर सपाट पृष्ठावर उभा धावतो. दुचाकी मात्र वळताना झुकते. ताशी ५० किलोमीटर वेगाने ३० मीटर त्रिज्येचे वळण घ्यायचे, तर गाडी आणि चालक यांना मिळून सुमारे ३३ अंश झुकावे लागते. या झुकण्यात रस्त्याला टेकलेला भाग टायरच्या मध्यावरून हळूहळू कडेकडे सरकतो, आणि तो किती सावकाश, किती एकसारखा सरकेल हे त्या कमानीच्या गोलाईवर अवलंबून असते. अरुंद रिमने कमान टोकदार केली, तर सरळ चालताना मधली एक अरुंद पट्टीच रस्त्याला लागते आणि तीच लवकर झिजते. वळणात गाडी सुरुवातीला अपेक्षेपेक्षा झटकन झुकते. टायरच्या बाजूच्या भिंती आत ओढल्या गेल्यामुळे त्यांना खालून पुरेसा आधार उरत नाही, आणि वरचा भाग आडव्या जोराखाली डुलतो. घाटात मागचे चाक किंचित वळवळल्याची जी भावना चालकाला येते, तिचे मूळ अनेकदा इथे असते. कडेचे रबर तर रस्त्याला लागतच नाही; म्हणजे ज्या रुंदीसाठी खर्च केला, तीच वापराबाहेर राहते.

रिम गरजेपेक्षा रुंद असेल, तर उलटे घडते. कमान बसकी होते, गाडी झुकायला कुरकुरते, आणि झुकल्यावर टायरची कड फार लवकर येते, त्यापुढे टेकायला रबरच नसते. शिवाय रिमचा धातूचा काठ रस्त्याच्या जवळ येतो, आणि पावसाळ्यानंतरच्या आपल्या खड्ड्यांत तो वाकायला एक जोरदार धक्का पुरतो.

'१२०च्या टायरला किती रुंद रिम हवी?' या प्रश्नाला एकच उत्तर नाही. १२०/८० या मापाची मोजणीची रिम २.७५ इंच आहे, तर मोठ्या मोटारसायकलींच्या पुढच्या चाकावर दिसणाऱ्या १२०/७० रेडियल टायरची ३.५० इंच. रुंदी तीच, पण रिममध्ये पाऊण इंचाचा फरक, कारण भिंत जितकी बुटकी, तितके तिचे पाय लांब रोवावे लागतात. १००/९० टायरची रिम टायरच्या रुंदीच्या सुमारे ६४ टक्के असते; १८०/५५ टायरला ५.५० इंच रिम लागते, म्हणजे जवळजवळ ७८ टक्के. म्हणून केवळ पहिला आकडा पाहून जोडी जमवणे मला धोक्याचे वाटते.

रुंद टायरच्या मोहामागे 'जास्त रबर, जास्त पकड' हा समज असतो. रस्त्याला टेकलेले क्षेत्रफळ मुख्यतः वजन आणि हवेचा दाब यांवरून ठरते. मागच्या चाकावर १२५ किलो भार आणि ३० पीएसआय दाब धरला, तर ते सुमारे ६० चौरस सेंटिमीटर येते, म्हणजे पोस्टकार्डाच्या निम्म्याहूनही थोडे कमी. टायर रुंद केला आणि दाब तोच ठेवला, तर हे क्षेत्रफळ फारसे वाढत नाही. आधी ते लांबट असते, आता आखूड आणि आडवे होते. रुंद टायरचे फायदे खरे आहेत, पण ते मोठी ताकद, जास्त वजन आणि त्याला साजेशी रिम असलेल्या गाडीत मिळतात.

बाकीच्या अडचणी डोळ्यांनी दिसणाऱ्या आहेत. १००/९०-१७चा बाहेरचा व्यास सुमारे ६१२ मिलिमीटर, तर १२०/८०-१७चा ६२४. चाक दोन टक्क्यांनी मोठे होते आणि गिअर तितकाच जड पडतो. चेन, स्विंगआर्म (मागचे चाक धरणारा दांडा) आणि मडगार्ड यांच्याशी टायरचे अंतर कमी होते, आणि वेगात फिरणारा टायर किंचित फुगतो हेही धरावे लागते. रिमवरचा आकडा वाचतानाही फसगत होऊ शकते. जुन्या बुलेटच्या स्पोकच्या चाकावर 'डब्ल्यूएम २-१९' असे लिहिलेले असते. तिथे २ म्हणजे दोन इंच नव्हे, ती १.८५ इंचांची रिम आहे आणि ३.२५-१९ टायर तिच्यासाठीचा आहे.

रुंद टायर खरोखर हवाच असेल, तर आधी रिमवरचा आकडा वाचावा, टायर कंपनीच्या तक्त्यात त्या मापासमोर तो आहे का हे पाहावे, आणि नसेल तर टायरचे माप सोडावे किंवा रिमच बदलावी. टायर चढवल्यावर बीडजवळ टायरच्या भिंतीवर एक बारीक उठावाची रेघ दिसते. चाक सावकाश फिरवून, ती रिमच्या काठापासून सगळीकडे सारख्या अंतरावर आहे का हे दोन्ही बाजूंनी पाहावे; एखाद्या ठिकाणी ती आत गेलेली दिसली, तर तिथे कड जागेवर बसलेली नाही, आणि हवा सोडून तो टायर पुन्हा बसवायला हवा.