जुन्या गाडीने क्लब रेसिंगला उतरताय? एंट्री आणि स्क्रूटिनी नेमकी कुठे अडते ते आधी वाचा

दर सीझनला तेच बघतोय म्हणून शेवटी लिहायला बसलो. माणूस वीस वर्षं जुनी गाडी रात्र रात्र जागून तयार करतो, पहाटे ट्रेलरवर चढवून आणतो आणि स्क्रूटिनीच्या, म्हणजे रेसआधीच्या गाडी तपासणीच्या, रांगेतून त्याला परत पाठवतात. कारण विचारलं तर इंजिन ठीक, ब्रेक ठीक, अडलंय एका लेबलावर नाहीतर एका कागदावर. बघवत नाही हो ते.

आधी पात्रतेचं बोलू. गाडी जुनी आहे एवढ्यावरून क्लब लेव्हलला सहसा कोणी नाकारत नाही. गोंधळ होतो तो होमोलोगेशन, म्हणजे मॉडेलला रेसिंगसाठी मिळालेली अधिकृत मान्यता, या शब्दामुळे. एफआयएच्या (मोटरस्पोर्टची जागतिक संस्था) नियमात मॉडेलचं उत्पादन बंद झाल्यावर 7 वर्षांनी त्याचं होमोलोगेशन संपतं, हे कुठेतरी वाचून लोक आपली गाडी बादच झाली असं समजून गप्प बसतात. पण ते ज्या क्लासला होमोलोगेटेड गाडीच हवी असते त्यांच्यासाठी आहे. बऱ्याच क्लब इव्हेंटना एखादा ओपन किंवा मॉडिफाइड क्लास असतो, त्यात सेफ्टीचे नियम पाळले की झालं. त्यामुळे सप्लिमेंटरी रेग्युलेशन्समधला (त्या इव्हेंटची आयोजकांनी काढलेली नियमावली) क्लासचा परिच्छेद आधी वाचा, होमोलोगेशन फॉर्म मागितलाय की नाही ते तिथेच कळतं. मागितला असेल तर हा तोच कागद जो जुन्या गाडीवाल्याकडे कधीच नसतो, आणि कुणाकडून तरी घेतलेली झेरॉक्स चालेल असं गृहीत धरू नका, आयोजकांना कुठली प्रत चालते ते विचारून घ्या, मिळायला वेळ लागतो.

हिस्टोरिक क्लासचं गणित उलटं आहे. आंतरराष्ट्रीय हिस्टोरिक इव्हेंटला एफआयएचं अपेंडिक्स के, म्हणजे जुन्या रेस गाड्यांचे नियम, लागू होतं आणि गाडीचा हिस्टोरिक टेक्निकल पासपोर्ट लागतो, त्याचा अर्ज आपल्या देशाच्या मोटरस्पोर्ट फेडरेशनमार्फत करायचा. तिथे गाडी त्या काळात ज्या रूपात रेस करायची त्याच रूपात आहे का हे बघतात. चांगल्या हेतूने नवीन मॉडेलचे ब्रेक नाहीतर वेगळा गिअरबॉक्स बसवलेला असतो आणि पासपोर्ट तिथेच अडतो. मन हिस्टोरिककडे असेल तर गाडी खोलण्याआधी ठरवा.

फॉर्म, फोटो, फी, मेडिकल यात अवघड काही नाही, फक्त तारखा नीट बघा. लायसन्स आणि मेडिकल दोन्ही इव्हेंटच्या शेवटच्या दिवसापर्यंत व्हॅलिड पाहिजे, अर्ज केला त्या दिवसापर्यंत असून उपयोग नाही. एंट्री क्लोजिंगची तारीख म्हणजे बऱ्याच ठिकाणी फी जमा होण्याची तारीख, फॉर्म वेळेत पाठवला आणि पैसे दुसऱ्या दिवशी पोचले की लेट फी भरा नाहीतर थेट बाहेर. दुसऱ्या देशात रेस करायची असेल तर आपल्या फेडरेशनची परवानगी घ्यावी लागते. आणि रस्त्याची इन्शुरन्स पॉलिसी रेसिंगला लागू होत नाही, हे कृपया आजच आपल्या पॉलिसीत वाचून घ्या.

आता सगळ्यात जास्त लोक जिथे पडतात ते, म्हणजे लेबलं. हार्नेसवर, म्हणजे रेसिंगच्या सीटबेल्टवर, "या वर्षानंतर व्हॅलिड नाही" अशा अर्थाचं लेबल शिवलेलं असतं, त्यावरचं वर्ष हेच खरं. तुम्ही कधी विकत घेतला, किती वेळा वापरला, नवा दिसतो का, याला काही अर्थ नाही. एफआयएच्या 8853-2016 स्टँडर्डचा हार्नेस असो की आधीच्या 8853/98 चा, मुदत उत्पादनाच्या वर्षानंतर 5 वर्षं. सीटचंही तसंच, 8855-1999 ची सीट उत्पादनाच्या तारखेपासून 5 वर्षं. दुकानात दोन वर्षं पडून राहिलेली सीट सेलमध्ये घेतली तर दोन वर्षं आधीच गेली. काही क्लब त्यांच्या इव्हेंटपुरती सूट देतात, पण ती लेखी छापलेली असेल तरच धरा, मागच्या वर्षी चाललं होतं असं सांगून स्क्रूटिनीअरला काही करता येत नाही.

हेल्मेटचं लेबल आत अस्तराखाली असतं, ते शोधा. स्नेल या हेल्मेट तपासणाऱ्या संस्थेचं एस ए म्हणजे गाडीसाठी, एम म्हणजे मोटरसायकलसाठी. एम मध्ये आगीची टेस्ट नसते म्हणून कितीही महाग असलं तरी सर्किटवर नाकारतात, काही ठिकाणी ऑटोक्रॉसला (मोकळ्या जागेत कोन लावून घेतलेली वेळेची स्पर्धा) चालतं. नेक रिस्ट्रेंट (मान सांभाळणारं, हेल्मेटला जोडायचं उपकरण) सक्तीचा असेल तर त्याचे अँकर त्या हेल्मेटसाठी मान्य असलेलेच हवेत, घरी ड्रिल मारून बसवलेत तर हेल्मेट गेलं. फायर एक्स्टिंग्विशरवर तपासणीची तारीख दिसली पाहिजे, एफआयएच्या अपेंडिक्स जे (गाड्यांचे तांत्रिक आणि सेफ्टी नियम) प्रमाणे भरल्यापासून किंवा मागच्या तपासणीपासून 2 वर्षांच्या आत. प्रेशरचा काटा हिरव्यात आहे हे पुरत नाही.

रोल केज, म्हणजे गाडी उलटली तर आतल्या माणसाला वाचवणारा पाइपांचा सांगाडा. सेकंडहँड गाडी केजसकट घेतली आणि कागद नाहीत, ही तक्रार मी सगळ्यात जास्त ऐकतो. केजवर बनवणाऱ्याची प्लेट आहे का बघा, सर्टिफिकेट जुन्या मालकाकडे मागा, आणि गाडीचे पैसे द्यायच्या आधी मागा, नंतर कोणी फोन उचलत नाही. कागद नसलाच तर अपेंडिक्स जे ची मापं लावून बघतात: मेन हूपचा (सीटमागची मुख्य कमान) पाइप 45 गुणिले 2.5 मिमी किंवा 50 गुणिले 2.0 मिमी, कोल्ड ड्रॉन सीमलेस स्टील, बोल्टवर बसवलेल्या केजच्या प्रत्येक पायाला किमान 3 बोल्ट एम 8, आणि खाली 3 मिमी जाडीची, निदान 120 चौ. सेंमी ची प्लेट. जुन्या गाडीत खरी अडचण या प्लेटखालचा पत्रा. तो गंजलेला असेल तर वरचा केज कितीही भारी असू दे, स्क्रूड्रायव्हर आत गेला की विषय संपला, आणि तो संपायलाच हवा कारण गाडी उलटली तर तो पाय पत्रा फाडून खाली जाणार आहे. कार्पेट काढा आणि स्वतः टोचून बघा. सर्टिफाइड केजला नंतर वेल्डिंग करून काही जोडलं असेल तर सर्टिफिकेट बाद होतं हेही बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

किल स्विच, म्हणजे गाडीची सगळी वीज तोडून इंजिन बंद करणारा स्विच, ही अडकायची दुसरी कायमची जागा. साधा बॅटरी कट ऑफ लावलेला असतो, इंजिन चालू असताना स्विच मारला की अल्टरनेटरच्या करंटवर इंजिन तसंच चालत राहतं. नियमाला इंजिन बंद पडायला हवं. त्यासाठी अल्टरनेटरही तोडणारा, सहा टर्मिनलचा स्विच येतो, सोबत रेझिस्टर, तो बसवा आणि इंजिन रेस केलेलं असताना घरी टेस्ट करा. बाहेरच्या खेचायच्या हँडलपाशी निळा त्रिकोण आणि लाल विजेचं चिन्ह, त्रिकोणाचा पाया किमान 12 सेंमी. जुनी इंजिनं ब्रीदरमधून (हवा बाहेर सोडणारी नळी) तेल फेकतात, म्हणून ते तेल गोळा करणारा कॅच टँक लागतोच: 2000 सीसी पर्यंत 2 लिटर, त्यावर 3 लिटर, आणि आतलं तेल बाहेरून दिसलं पाहिजे. कार्ब्युरेटरला थ्रॉटलची दुसरी रिटर्न स्प्रिंग लावा. टायर कधी बनलाय ते कळायला त्याच्या कडेवरचे चार आकडे वाचा, 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा.

आयोजकांबद्दलही बोलायलाच पाहिजे. नियम एका पीडीएफमध्ये, बदल दुसऱ्या बुलेटिनमध्ये, आणि ते बुलेटिन आदल्या दिवशी निघणार. नवीन माणसाने हे जुळवायचं कसं? एका पानाची यादी छापायला काय जातं, मी दरवेळी सांगतो, अजून झालेली नाही. तोवर एवढं करा, तीन आठवडे आधी हार्नेस, सीट, हेल्मेट, एक्स्टिंग्विशर, केजची प्लेट, सगळ्या लेबलांचे फोटो काढा आणि चीफ स्क्रूटिनीअरला मेल करून हे चालेल का असं सरळ विचारा. माझ्या अनुभवात बहुतेक जण उत्तर देतात, त्या उत्तराची प्रिंट सोबत ठेवा. गाडी वडिलांच्या किंवा मित्राच्या नावावर असेल तर मालकाचं सहीचं संमतीपत्र त्याच फोल्डरमध्ये टाका. आणि स्क्रूटिनीला पहिल्या तासात जा, काही निघालं तर दुरुस्त करून त्याच दिवशी पुन्हा दाखवता येतं, शेवटच्या पंधरा मिनिटांत गेलात तर ती मुभा राहत नाही.