खग्रास चंद्रग्रहण : निरीक्षण आणि समजुती

पौर्णिमेला चंद्र पृथ्वीच्या दाट छायेत पूर्ण शिरला की खग्रास चंद्रग्रहण होते. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे ५ अंशांनी कललेली असल्याने दर पौर्णिमेला हा योग येत नाही. चंद्र या दोन कक्षांची प्रतले जिथे छेदतात त्या राहू किंवा केतू या छेदनबिंदूजवळ असावा लागतो.

ते पाहायला चष्मा लागत नाही, दुर्बीणही नाही. पंचांगात दिलेले स्पर्श (छाया लागणे), संमीलन (चंद्र पूर्ण झाकला जाणे), मध्य, उन्मीलन (चंद्र उघडू लागणे) आणि मोक्ष (ग्रहण सुटणे) हे टप्पे गच्चीवरून घड्याळाबरहुकूम पडताळता येतात. छाया आधी चंद्राच्या पूर्व कडेला लागते. संमीलनानंतर चंद्र दिसेनासा न होता तांबूस होतो, कारण वातावरणातून वळलेला लाल प्रकाश त्याच्यावर पडतो. पिनाटुबो ज्वालामुखीच्या १९९१ मधील उद्रेकाने वातावरण गढूळ झाल्याने डिसेंबर १९९२ च्या ग्रहणात मात्र तो फारच काळवंडला होता. २८ जुलै २०१८ च्या पहाटे खग्रास स्थिती १०३ मिनिटे टिकली, शतकातली सर्वांत दीर्घ; पण ऐन आषाढात.

महाराष्ट्रात ग्रहणाआधी तीन प्रहर वेध, म्हणजे खाणेपिणे वर्ज्य मानण्याचा काळ, लागतात. स्वयंपाक उरकून घेतात. पाणी, दूध, लोणची यांवर तुळशीपत्र ठेवतात, मोक्षानंतर अंघोळ करतात. बाल, वृद्ध, आजारी आणि गर्भवती यांना कमी वेध सांगितले आहेत, म्हणजे शास्त्रकारांनाही उपाशी पोटाची कल्पना होती. पूर्वी ‘दे दान, सुटे गिराण’ अशी आरोळी गल्लोगल्ली ऐकू येई. सर्वांत जाच गर्भवतीला: विळीला हात लावायचा नाही, काही चिरायचे नाही, झोपायचे नाही, नाहीतर म्हणे मुलाचा ओठ फाटतो. वास्तविक गर्भाचा ओठ चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो, तेव्हा अनेकींना दिवस गेल्याचे नुकतेच कळलेले असते. डोहाळे पुरवण्याच्या दिवसांत तिला कोपऱ्यात बसवण्याला काहीच आधार नाही.

गंमत अशी की, वेधाची वेळ ज्या गणितातून निघते, त्याला राहूने गिळणे कधीच मान्य नव्हते. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास पृथ्वीची छाया चंद्राला झाकते, असे स्पष्ट लिहिले. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांच्या ‘ग्रहलाघव’ (१५२०) या ग्रंथावरून पंचांगकर्ते पिढ्यान्‌पिढ्या ग्रहणे वर्तवत आले. त्याच पानावर खाली वेधाचे नियमही छापले जातात.

मार्च २०२६ नंतरचे पहिले खग्रास चंद्रग्रहण ३१ डिसेंबर २०२८ च्या रात्री आहे आणि ते भारतातून पूर्ण दिसेल. थर्टी फर्स्टच्या त्या रात्री वेध किती जण पाळतात, हे बघण्यासारखे असेल.